पंचवीस जनावरांपर्यंत मोफत

मी आयुष्यभर जी वस्तू विकली ती लोक आधी फुकट घरी न्यायचे, महिना-दोन महिने वापरायचे आणि पटली तर पैसे द्यायचे. नाही पटली तर परत आणून द्यायचीही गरज नव्हती. माझ्या सासूबाईंना हा धंदा शेवटपर्यंत कळला नाही. शेजारणींना त्या सांगायच्या, आमची सून कॉम्प्युटरमधलं कायतरी वाटते. 'विकते' म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही, आणि खरं सांगायचं तर वर्षातले दहा महिने त्यांचंच बरोबर असायचं.

सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरला पढवून ठेवलेलं काम. ते हातात धरून, उलटंपालटं करून बघता येत नाही. मग नांदेडच्या बाजारात खरबूज घेणारा आधी फोड मागतो तशी आम्हीही फोड द्यायचो. फोड किती मोठी द्यायची, ही या धंद्यातली खरी विद्या. लहान दिली तर चव कळत नाही, मोठी दिली तर पोट भरतं. कुणी दिवस ठरवून द्यायचं, की तीस दिवस वापरा, मग बंद. कुणी अर्धंच काम द्यायचं, म्हणजे सगळं भरता येईल पण छापता येणार नाही. आणि कुणी संख्या बांधून द्यायचं. मी तिसऱ्या पंथाची. त्या पंथानं मला काय शिकवलं तेच सांगायला बसलेय.

आमचा एक संघही होता. अजून आहे, पण आता बैठकीपेक्षा मोबाइलवरच्या ग्रुपवर शुभेच्छाच जास्त असतात. 'आधी वापरा, मग घ्या' या रीतीनं सॉफ्टवेअर देणारे आम्ही सात जण, चार नांदेडचे आणि तीन लातूरचे. एकेकटं असताना कुणी दारात उभं करत नव्हतं. फुकट सीडी दिली की लोकांना वाटायचं, हिच्यात व्हायरस असणार, नाहीतर ही बाई फुकट कशाला देईल? म्हणून संघ काढला, शिक्का केला, आणि प्रत्येक सीडीच्या पाकिटावर छापलं की सॉफ्टवेअरबद्दल तक्रार असेल तर या पत्त्यावर लिहा, ज्यानं ते केलं त्याच्याशिवाय दुसरा सभासद तुमचं ऐकून घेईल. हा नियम माझा. तो मी इतका जोर लावून मंजूर करून घेतला की तक्रारी ऐकायचं काम सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलं.

संघाच्या नावावरून मात्र कायमचं भांडण. नांदेड-लातूर म्हणायचं का लातूर-नांदेड? शेवटी दोन लेटरहेडं छापली, ज्याला जे पाहिजे ते त्यानं वापरावं. बैठक ना तुमच्याकडं ना आमच्याकडं म्हणून मधे अहमदपूरला, बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात घ्यायची ठरली. अहमदपूर लातूर जिल्ह्यात येतं हे आम्हा नांदेडवाल्यांच्या डोक्यात दोन वर्षांनी शिरलं. तोवर तिथल्या भज्यांची सवय झाली होती.

तक्रारी कसल्या यायच्या म्हणाल, तर ऐका. धर्माबादच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी आमच्या एका सभासदाचं बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, तीस दिवसांचं. गडी हुशार. एकोणतिसावा दिवस आला की कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागं न्यायची. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला वाटायचं आपण आजच आलोय. असं करता करता मे महिन्यातल्या एका लग्नाला दारावरचा फलक छापून निघाला तो फेब्रुवारीतल्या नवरा-नवरीच्या नावाचा, आणि खरं वऱ्हाड गेटाबाहेर उभं राहून आपण चुकीच्या कार्यालयात आलो का म्हणून पत्रिका तपासत राहिलं. मालकांची तक्रार होती की सॉफ्टवेअरनं पाहुण्यांचा अपमान केला. मी त्यांना एवढंच विचारलं की आज तारीख काय आहे. त्यांनी मान वळवून कॉम्प्युटरकडं बघितलं आणि फेब्रुवारीतली तारीख सांगितली. ती तक्रार मी तिथंच निकाली काढली.

नायगावच्या एका गृहस्थांचं उलटं. विकत घेईपर्यंत सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर यायचं, 'नमस्कार, आपण हे सॉफ्टवेअर एकशे बाराव्या वेळी वापरत आहात, आवडत असल्यास विकत घ्यावे ही विनंती.' त्यांनी घेतलं. आठ दिवसांनी फोन केला की पैसे दिल्यापासून ते नमस्कार करत नाही. आम्ही परत चालू करून दिलं. माणसाला कुणीतरी विचारलेलं लागतं, बाकी काही नाही.

आता माझ्या सॉफ्टवेअरबद्दल. त्याचं नाव 'गोठा'. गायीबैलांची वंशावळ ठेवायचं. माझे वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टरच्या हाताखाली जनावर धरणं. आम्ही बौद्ध. गावोगाव लोक वडिलांना हाताला धरून गोठ्यात न्यायचे, ओसरीवर बसा मात्र कुणी म्हणायचं नाही. घरी येऊन ते त्या माणसांविषयी बोलायचे नाहीत, गायींविषयी बोलायचे. आमच्या कंधारकडची लाल कंधारी, लातूरकडची देवणी, कुणाची मान कशी, कास कशी, ही कुणाची लेक, तो कुणाचा नातू. मी गणित शिकले, कॉम्प्युटर शिकले, क्लासमध्ये शिकवलं, पण स्वतःचं काही करायची वेळ आली तेव्हा हेच सुचलं.

'गोठ्या'त एकेका जनावराची नोंद करायची. नाव, रंग, जन्म, आई कोण, बाप कोण. आई आणि बाप यादीतूनच निवडायचे. बटण दाबलं की तीन पिढ्यांचा कागद छापून निघायचा. पंचवीस जनावरांपर्यंत मोफत, कितीही वर्षं वापरा. त्यावर पूर्ण आवृत्ती घ्या. मी हिशेब केला होता की साध्या शेतकऱ्याकडं पाच-दहा जनावरं असतात, त्याला फुकट मिळू दे. पंचवीसच्या वर ज्याच्या दावणीला आहेत तो दोन पैसे देऊ शकतो. पाकिटावर तसंच छापलं होतं. मला माझ्या या न्यायबुद्धीचा फार अभिमान होता, चारचौघांत सांगायचे.

आठ-दहा वर्षांपूर्वी संघाच्या पत्त्यावर एक अंतर्देशीय आलं. कंधार तालुक्यातल्या एका गावाहून, शेषेराव नावाच्या माणसाचं. अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं, सरळ. मजकूर इतकाच होता की, तुमच्या सॉफ्टवेअरनं माझा गोऱ्हा स्वतःचीच पणजी करून ठेवला आहे. समितीचे डॉक्टर म्हणतेत कागद खोटा आहे. जवाब द्यावा.

मी आधी पोट धरून हसले. मग सॉफ्टवेअरचं नाव वाचलं आणि हसू गेलं.

बैठकीत मी तोंड उघडलं ते भांडायलाच. माणसानं चुकीचं भरलं तर सॉफ्टवेअर काय करणार, असं म्हणाले. लातूरचे मुकुंदराव सर शांतपणे भजं मोडत होते. ते निवृत्त गणिताचे मास्तर, शाळांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर त्यांचं, आणि माझं त्यांच्याशी कधी पटलेलं नाही. देवणीपुढं लाल कंधारी म्हणजे काहीच नाही असं ते मला दर बैठकीत ऐकवायचे. ते म्हणाले, "सोनकांबळे बाई, ही तक्रार तुमच्यावर आहे. नियम तुमचाच आहे. यात तुम्ही ऐकायच्या जागेवर नाही, सांगायच्या जागेवर बसायचं." मला जाम राग आला. नियम करताना तो आपल्याला लागू होईल असं कुणाच्या मनात असतं?

पुढच्या रविवारी शेषेराव मामा अहमदपूरला आले. साठी ओलांडलेले, अंगानं काटक, डोक्याला रुमाल, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत कागद. गावच्या शाळेत शिपाई होते, तिथंच कॉम्प्युटरवर बोट चालवायला शिकले. शाळेनं जुना कॉम्प्युटर लिलावात काढला तो यांनी घेतला. माझी सीडी त्यांना जनावरांच्या जत्रेत मिळाली होती. मामांनी आधी आम्हाला त्यांचं दुखणं नीट समजावून सांगितलं, कारण देवणीचा अभिमान सोडला तर लातूरच्या तिघांना शेतीतलं ओ का ठो कळत नव्हतं.

गायीला झालेला नर मोठा व्हायला लागला की त्याला गोऱ्हा म्हणतात. पुढं त्याला दोनच वाटा. रूप-गुण चांगले असतील तर वळू म्हणून ठेवतात, त्याच्यापासून वंश वाढतो. नाहीतर त्याला बडवतात, म्हणजे चिमट्यानं त्याच्या नसा दाबून त्याची जनन करायची शक्ती काढून टाकतात, आणि तो बैल होऊन औताला जातो. माझ्या वडिलांच्या हातून शेकडो गोऱ्हे असे गेलेले. एकदा बडवला की परत काही करता येत नाही. मामांचा गोऱ्हा तीन वर्षांचा, नाव गुलाल. जातिवंत वळू निवडून सरकारी केंद्रात नेणाऱ्या समितीनं तो बघितला, आवडला, आणि वंशावळ मागितली. मामांनी 'गोठ्या'तून कागद छापून दिला. त्यात गुलालची आई मैना, आजी हरणी, आणि हरणीची आई म्हणून परत गुलाल. डॉक्टरांनी सगळ्या गावासमोर कागद परत केला. खोटे कागद करून सरकारला फसवता का म्हणाले. डॉक्टर महिनाभरानं परत त्या बाजूला येणार होते. तेव्हाही जमलं नाही तर पोळा झाला की गुलालला बडवायचा, असं मामांनी ठरवलं होतं. बिगरकामाचं जनावर उभं करून खाऊ घालणं त्यांना झेपणारं नव्हतं, आणि दावणीला एका बैलाची जोडही पाहिजे होती. पण ते जास्त बोलले ते गुलालविषयी नाही. "बत्तीस साल शाळेत चाव्या सांभाळल्या. कुणी मला खोटा म्हनलं न्हाई," असं दोनदा म्हणाले.

मुकुंदरावांनी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला आणि सांगितलं, तुम्ही जसं केलं तसं करून दाखवा. मामांनी एका बोटानं सगळं करून दाखवलं. दावणीला चौदाच जनावरं, पण वंशावळ लिहायची म्हणून त्यांनी आधीच्या सगळ्या गायी आणि वळू आठवून आठवून भरले होते. पंचवीस झाले. पुढं वासरू जन्मलं, ते लिहायला गेले की पडद्यावर यायचं, 'जागा नाही. एखादी नोंद काढा किंवा पूर्ण आवृत्ती घ्या.'

सरांनी विचारलं, मग पूर्ण आवृत्ती का घेतली नाही? मामांनी खिशातून सीडीचं पाकीट काढलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं की पंचवीसपेक्षा जास्त जनावरं असणाऱ्यांनी घ्यावी. त्यांच्याकडं चौदा होती. मोठ्या गोठेवाल्यांचं आपण घेणं त्यांना बरोबर वाटलं नव्हतं. अहो, जगभर लोक सॉफ्टवेअर चोरतात, तारखा फिरवतात, आणि हा माणूस माझं पाकीट शब्दाला शब्द पाळून बसला होता.

"मग काढायचं कुणाला?" मामा म्हणाले. "जित्याला काढावं तर ते समोर उभं हाय. मेलेल्याला काढायला बोट होईना. म्हनून तिच्याच जागंवर ह्याचं नाव लिहिलं. जागा तिची, नाव ह्याचं."

इथंच सगळा घोळ झालेला. माझ्या सॉफ्टवेअरला नावाशी घेणं नव्हतं, ते नोंदीचा नंबर धरून चालायचं. हरणीची आई म्हणून जो नंबर होता त्या नंबरवर आता गुलाल बसला होता. नोंद पुसली असती तर सॉफ्टवेअरनं बोंब मारली असती की ही कुणाचीतरी आई आहे. नवीन नोंद करताना नराला आई होऊ दिलं नसतं, ती तपासणी मी केली होती. पण जुन्या नोंदीत कुणी नाव आणि प्रकारच बदलून टाकेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "पंचवीस हा आकडा तुम्ही कसा काढला?"

मी माझा तो न्यायबुद्धीचा हिशेब सांगितला, कुणाकडं किती जनावरं असतात तो.

"म्हणजे तुम्ही जिवंत मोजली," ते म्हणाले.

वंशावळीचं सॉफ्टवेअर, आणि मी मेलेली जनावरं मोजली नव्हती. ड्रेसरच्या लेकीनं, जिच्या घरी जेवताना तीन पिढ्या मागच्या गायींची चर्चा चालायची तिनं, ही चूक करावी. सरांनी निकाल दिला की चूक सॉफ्टवेअरची, मालकाची नाही. संघानं समितीला तसं लेखी कळवावं आणि सोनकांबळे बाईंनी वंशावळ दुरुस्त करून द्यावी. पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि नांदेड-लातूर छापलेल्या लेटरहेडवर लिहिलं. मला बरं वाटावं म्हणून केलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या गावी गेले. एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. लोकांचे फोन आले की काय बिघडलं ते मला शोधता यावं म्हणून 'गोठा' प्रत्येक बदल एका बाजूच्या फाइलीत लिहून ठेवायचा, वापरणाऱ्याला न दिसता. ती फाइल मामांच्या कॉम्प्युटरवर होती. मी ती उघडली आणि वाचत गेले. हरणीच्या आईच्या, म्हणजे गोदी नावाच्या गायीच्या नोंदीवर गुलाल, आणखी चार मेलेल्या जनावरांच्या नोंदींवर चार नवी वासरं. पण प्रत्येक बदलाच्या आधी आणखी एक बदल होता. मामांनी आधी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं होतं आणि मग नाव बदललं होतं. गोदीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माफ कर गोदे, जागा न्हाई.' बाकी चारही नोंदींत तसंच. मी मामांना ते वाचून दाखवलं नाही. मला रडू येत होतं आणि ते बाहेर गुलालला पाणी पाजून राहिले होते.

पूर्ण आवृत्ती घालून पाचही नावं मी जागेवर बसवली, नवा कागद छापला. आता तो सरळ होता. गुलालची आई मैना, मैनाचा बाप सर्जा, हा सर्जा त्या भागातला नावाजलेला वळू, त्याच्या वासरांना जत्रेत मागणी. असा आजा असलेला गोऱ्हा कुणीही उचलला असता. मामांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि घडी घालून ठेवला. मला वाटलं काम झालं.

समितीचे डॉक्टर आले तेव्हा मीही गेले. तरुण होते, तोंडावर हसू नावाला नाही. संघाचं पत्र त्यांनी वाचलं, पण सॉफ्टवेअरवाल्यांच्या पत्रावर त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला नाही. नवा कागद त्यांनी स्वतःजवळ ठेवला आणि मामांना म्हणाले, तुम्ही तोंडी सांगा, मी ताडून बघतो. गावातली पाच-पंचवीस माणसं गोळा झालेली. मामा सांगत गेले. कुठली गाय कोणत्या साली कुणाकडून आणली, कोणत्या वेताला काय झालं, कपाळावर पांढरा ठिपका कुणाला होता. डॉक्टर कागदावर बारीक खुणा करत गेले. मला वडिलांची फार आठवण येत होती.

"मैनाचा बाप?" डॉक्टरांनी विचारलं.

मामा थांबले. "कागदावर सर्जा हाय साहेब. पर तो न्हाई. त्या साली सर्जा बिमार होता. मी हरणीला शेजारच्या गावात बांड्याकडं नेली. आखूड शेपटाचा होता एक, त्याचा कुठं कागद न्हाई का काय न्हाई."

डॉक्टरांनी मान वर केली. मग सर्जा कशाला लिहिला, असं विचारल्यावर मामांनी माझ्याकडं बोट केलं, पण रागानं नाही. "आई लिहिली की ताईच्या कॉम्प्युटरला बाप पाहिजेच होता, मोकळं सोडू देईना. बांड्याला लिहावं तर पंचवीस भरलेले. मग यादीतल्या सर्जावर बोट ठेवलं."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. आई लिहिली की बापाचा रकाना रिकामा सोडता येऊ नये, हेही माझंच. बाप माहीत नसलेली वंशावळ काय कामाची, असं वाटून मी तो बांधून टाकला होता. या माणसाची मेलेली जनावरं मी पुसायला लावली एवढंच नाही, त्याच्या हातून खोटंही मीच लिहून घेतलं होतं.

डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. मग उठून मामांजवळ आले. आधीचा शेरा त्यांनी आमच्यासमोर खोडला आणि मालकाची माहिती विश्वासाची आहे असं लिहिलं, ते गावाला ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं. पण केंद्राचा नियम असा की तीन पिढ्यांत एकही बाप बिगरनोंदीचा चालत नाही. गुलाल केंद्रात जाणार नव्हता. जनावर उत्तम आहे, गावापुरता वळू म्हणून ठेवायचा का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, एवढं सांगून ते जीपमध्ये बसले.

लोक पांगल्यावर मी मामांना म्हणाले की गप्प बसला असता तर गुलाल आज गेला असता. कुणाला कळणार होतं?

"कागद गप बसंल ताई," ते म्हणाले. "रगत गप बसत न्हाई."

नांदेडला परत येताना बसमध्ये मी स्वतःलाच शिव्या देत होते. त्याच आठवड्यात 'गोठा' उलगडायला घेतला. मेलेलं जनावर मोजायचं नाही. बापाच्या रकान्यात 'नोंद नसलेला' आणि 'माहीत नाही' असे दोन पर्याय. जुन्या नोंदीत नाव बदलायला गेलं तर आधी विचारायचं की हे तेच जनावर आहे का. अहमदपूरच्या बैठकीत मुकुंदरावांनी संघाचा नवा नियम मांडला, की फोड कितीही लहान द्या, पण वापरणाऱ्याला खरं लिहायला जागा उरली पाहिजे. सातही हात वर झाले. त्यानंतर या धंद्यात मी बरंच काही विकलं आणि काही विकलं नाही, पण एवढ्या नियमाचं मला समाधान आहे.

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा नवीन आवृत्ती घेऊन मी परत मामांकडं गेले. गुलालचं काय ठरलं हे विचारायचं माझं धाडस होईना. दावणीला तो उभा होता, लाल, खांदा भरलेला. चिमटेवाल्याला निरोप गेला का, हे माणूस कसं विचारणार? मामांनी मला ओसरीवर कॉम्प्युटरपाशी बसवलं, चहा दिला आणि म्हणाले की आज तुम्ही लिहा, मी सांगतो.

मी म्हणाले, दावणीच्या चौदांपासून सुरू करू. ते नको म्हणाले, आधी मेलेले. पहिलं नाव गोदीचं सांगितलं. मग हरणी, मग एकेक करून सगळी, आणि त्यात बांड्याही, 'नोंद नसलेला, आखूड शेपूट' असा. बांड्याचा जन्म कधीचा ते त्यांना नक्की माहीत नव्हतं, तर तो रकाना रिकामा ठेवायला लावला. ती संपली तेव्हा दावणीकडं वळलो. मी टाइप करत होते, ते पाठीमागं उभे राहून बघत होते. पंचविसावी नोंद झाली आणि त्यांनी पडद्याकडं बोट करून विचारलं,

"आता कुणाला काढायचं?"

"कुणालाच नाही, मामा. सांगा पुढं."

ते हळूहळू सांगत राहिले. शेवटी गुलाल राहिला. नाव, रंग, जन्म. आई मैना, मग बाप. पुढचा रकाना प्रकाराचा होता, आणि त्यात यादी उघडली: गाय, कालवड, गोऱ्हा, वळू, बैल. मी बोट माउसवर ठेवून थांबले. मामांनी वाकून यादी वाचली, मग मान वर करून दावणीकडं बघितलं.

"वळू लिहा," ते म्हणाले.